टाकळा कुठला आणि कासविंदा कुठला

कार्तिकात बालाजी घाटावर बसून बोलायचं आणि विषय गंगेचा नाही, सनईचा नाही, तर रानातल्या दोन रोपांचा, याचं काहींना नवल वाटेल. शेजारच्या पंचगंगेवर बांबूंना आकाशदिवे लागलेत. मागे ते बालाजीचं देऊळ, जिथे उस्ताद बिस्मिल्ला खाँ रियाज करायचे. पेशव्यांच्या नावाशी जोडलेला हा घाट, आणि वर ब्रह्माघाट, दुर्गाघाटाच्या गल्ल्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरं. या जागेवर बोलण्यासारखं पुष्कळ आहे आणि या मालिकेत आधीच्या वक्त्यांनी ते बोलूनही झालंय. मी वनस्पतिशास्त्र शिकवत आले, म्हणून मी माझंच बोलणार.

निमित्त असं. माझी एक आत्या लग्न होऊन रत्नागिरीकडून या गल्लीत आली. पाऊस पडला की तिला टाकळ्याची भाजी आठवायची. इथे टाकळा म्हटलं तर कुणाला कळेना. मग भाजीवालीकडून तिला कळलं की याला इकडे चकवड म्हणतात आणि ते वरुणेच्या काठाला, राजघाटाच्या पुढे मोकळ्या जमिनीवर वाटेल तेवढं उगवतं. पण त्याच जमिनीवर, त्याच्या खांद्याला खांदा लावून, दुसरं एक रोप उगवतं. त्याला इकडे कसौंदी म्हणतात. आपण कासविंदा म्हणतो. आणि गंमत अशी की आपल्याकडे कित्येक गावांत त्याचं दुसरं नाव आहे रानटाकळा. म्हणजे नावातच फसवणूक. ज्याची भाजी करायची तो टाकळा, आणि ज्याच्या बिया मुलांनी तोंडात घालू नयेत तो रानटाकळा. आजचं बोलणं या दोघांवर.

आज सकाळी दोन्ही रोपं मुळासकट आणलीत. कॅमेरा जरा जवळ घ्या. पुस्तकात वाचणाऱ्यांसाठी मी शब्दांत सांगतेच.

आधी एक प्रश्न मिटवून टाकू. ही दोन्ही शेंगवर्गीय कुळातली. म्हणजे तूर, मूग, हरभरा, चिंच, बाभूळ, बहावा या सगळ्यांची भावकी. फुलं बघून लोकांचा विश्वास बसत नाही, कारण वाटाण्याचं किंवा चवळीचं फूल फुलपाखरासारखं असतं आणि याचं तसं नाही. पाच पिवळ्या पाकळ्या, जवळजवळ सारख्या, मोकळ्या. बहाव्याचं फूल डोळ्यांसमोर आणा आणि ते लहान करा. पूर्वी बहावा, टाकळा, कासविंदा, तरवड, सगळे एकाच कॅसिया या प्रजातीत होते. १९८२ मध्ये आयर्विन आणि बार्नबी या दोघांनी तिचे तीन भाग केले. बहावा कॅसियातच राहिला, टाकळा आणि कासविंदा सेन्नामध्ये गेले, आणि चिमडासारखी लहान रोपं तिसऱ्या भागात. म्हणून जुन्या पुस्तकात कॅसिया टोरा वाचलंत आणि नव्यात सेन्ना टोरा, तर गोंधळू नका, रोप तेच आहे.

एक आडवळण घेते. शेंगवर्गीय म्हटलं की शेतकरी म्हणतो, मुळावर गाठी असतील, जमिनीला नत्र मिळेल. हे मूळ बघा. टाकळ्याचं. गाठ एकही नाही. सेन्ना प्रजातीतली रोपं सहसा गाठी धरत नाहीत. शेंग आहे म्हणजे नत्र आहेच असं नव्हे. तरी टाकळा फुलायच्या आधी उपटून कुजवला तर खत म्हणून चांगला, ते वेगळं.

आता खरं काम. उजव्या हातात टाकळा. संयुक्त पान म्हणजे एका देठावर समोरासमोर जोड्यांनी बसलेल्या पर्णिका. मोजा. एक, दोन, तीन. तीन जोड्या, बस. पर्णिकेचा आकार बघा. देठाकडे निमुळती आणि टोकाकडे रुंद, गोल. उलट्या अंड्यासारखी म्हणा किंवा चमच्याच्या तोंडासारखी. टोकाची जोडी सगळ्यांत मोठी. डाव्या हातात कासविंदा. याच्या जोड्या चार, पाच, कधी सहा. आणि पर्णिका खाली रुंद, वर जाताना निमुळती होत टोकदार. बोट फिरवलंत तर टोक लागतं. एवढ्यावरच निम्मं काम होतं. टाकळ्याचं पान गोल टोकाचं, कासविंद्याचं अणकुचीदार.

पण ‘निम्मं’ म्हणाले ते मुद्दाम. कोवळ्या रोपाला जोड्या कमी असतात. कासविंद्याच्या सुरुवातीच्या पानांना दोन-तीनच जोड्या असू शकतात. आणि आपण भाजी कधी खुडतो? जून-जुलैत, रोप वीतभर असताना. नेमकं तेव्हाच मोजणी दगा देते. म्हणून मी माझ्या विद्यार्थ्यांना आधी जोड्या मोजायला सांगत नसे, आधी टोक बघायला सांगायची, आणि मग ग्रंथी.

ग्रंथी म्हणजे काय, तर पानाच्या देठावर असलेला एक बारीकसा उंचवटा. त्यातून थोडा गोड रस येतो आणि त्यासाठी मुंग्या येतात. भिंग असेल तर उत्तम, नसलं तरी चांगल्या उजेडात दिसतो. टाकळ्यात ही ग्रंथी पर्णिकांच्या मधोमध असते. खालच्या जोडीच्या दोन पर्णिका जिथे देठाला मिळतात, बरोबर तिथे एक बारीक, उभी, नारिंगीसर काडी. कासविंद्यात ती पर्णिकांमध्ये नसतेच. पानाचा देठ जिथे खोडाला चिकटतो, त्याच्या अगदी बुडाशी एकच, गोलसर, गडद तांबूस-काळपट मणी. जागा लक्षात ठेवा. पर्णिकांमध्ये काडी, तो टाकळा. देठाच्या बुडाशी मणी, तो कासविंदा. ऊन कमी असो, रोप खुजं असो, जनावराने अर्धं खाल्लेलं असो, ग्रंथीची जागा बदलत नाही. झाडं ओळखताना अशी एखादी खूण सापडली की बाकीच्या दहा खुणा विसरल्या तरी चालतात.

वास घ्या. टाकळ्याचं पान चुरगळलं तर एक उग्र हिरवा वास येतो, भाजी खाणाऱ्यांना तो आवडतोही. कासविंद्याचा चोळामोळा केला तर नाक मागे जातं. इंग्रजीत त्याला दुर्गंधी तण अशा अर्थाचं नाव आहे. पण वासावर एकट्यावर मी विसंबणार नाही. सर्दी झालेल्याला सगळं सारखंच.

आणि संध्याकाळी ओळखायला जाऊ नका. दिवस कलला की दोन्हीच्या पर्णिका मिटतात आणि मग दोन्ही रोपं सारखीच दिसतात, झोपलेली.

आता शेंग. आज कार्तिक आहे, दोन्हीला शेंगा आहेत, म्हणून हे दाखवायला हाच मोसम बरा. टाकळ्याची शेंग लांब, बारीक, कोयत्यासारखी वाकलेली, वीतभर सहज होते, आणि जाडी पेन्सिलीहूनही कमी. नीट बघितली तर चौकोनी. पानांच्या बेचक्यातून सहसा दोन-दोन निघतात. कासविंद्याची शेंग चपटी, त्याहून रुंद, आखूड, टोकाशी थोडी वर वळलेली, आणि पिकल्यावर मधला पट्टा तपकिरी व दोन्ही कडा फिकट. जणू कापडाला दोन्ही बाजूंनी गोट लावलाय.

फोडून बघू. टाकळ्याचं बी चकचकीत तपकिरी, तिरकस कापलेल्या काडीच्या तुकड्यासारखं, कोनदार. शेंगेच्या लांबीच्या दिशेने एकामागे एक रांगेत. कासविंद्याचं बी चपटं, गोलसर, मळकट रंगाचं, लहान टिकलीसारखं, आणि शेंगेत आडवी रचलेली, नाण्यांच्या चळतीसारखी. हिरव्या शेंगेतल्या या चपट्या बिया हिरव्या, मऊ असतात. पाच वर्षांच्या मुलाला त्या वाटाण्याच्या भावंडासारख्या दिसतात. इथे थोडं थांबायला हवं.

याच उत्तर प्रदेशात, पण दुसऱ्या टोकाला, बिजनौर आणि सहारनपूर या जिल्ह्यांत वर्षानुवर्षं एक प्रकार चालला होता. पावसाळा सरला की, साधारण सप्टेंबर ते नोव्हेंबर, लहान लहान मुलं अचानक आजारी पडायची. उलट्या, मग विचित्र वागणं, मग बेशुद्धी, आणि त्यातली बहुतेक काही दिवसांत दगावायची. पहिला संशय जाणार कुठे? विषाणूवर. आपल्या या पूर्वांचलात मेंदूज्वराने मुलं जातात हे सगळ्यांना माहीत. म्हणून तिकडेही तेच लेबल लागलं, मेंदूचा विषाणूजन्य आजार. डासांवर फवारणी करा, लस द्या, असं चाललं.

बिजनौरचे बालरोगतज्ज्ञ डॉ. विपिन वशिष्ठ यांना ते पटेना. त्यांच्यासोबत वेल्लोरचे विषाणुतज्ज्ञ डॉ. टी. जेकब जॉन होते. विषाणूंवर आयुष्य घालवलेला माणूस इथे ‘हा विषाणू नव्हे’ या बाजूला उभा होता, याला वजन आहे. त्यांना दिसलं ते असं, की या मुलांच्या मेंदूला सूज वगैरे तर होतीच, पण मेंदूज्वरात जशी जळजळ दिसायला हवी तशी नव्हती. उलट यकृत निकामी होत होतं आणि स्नायूंनाही इजा होत होती. यकृत, स्नायू आणि मेंदू, तिघांवर एकदम घाव. असं विषाणू सहसा करत नाही. विष करतं.

मग २००६ च्या सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये त्यांनी आजारी पडलेली १८ मुलं घेतली आणि प्रत्येकामागे त्याच वयाची तीन निरोगी मुलं, म्हणजे ५४. कोणी काय खाल्लं, कुठे खेळलं, सगळं विचारलं. १८ आजारी मुलांपैकी ८ जणांनी कासविंद्याच्या बिया खाल्ल्या होत्या. ५४ निरोगी मुलांपैकी फक्त ३ जणांनी. कोणी म्हणेल, १८ पैकी ८ म्हणजे निम्मीसुद्धा नाहीत. बरोबर. पण मूल बेशुद्ध आहे, आईबाप शेतात होते, मुलाने ओढ्याकाठी काय तोंडात घातलं हे सांगणार कोण? तरीही दोन गटांतला फरक एवढा मोठा निघाला. २००७ मध्ये हे प्रसिद्ध झालं. पुढच्या वर्षी सहारनपूरच्या डॉक्टरांनी त्यांच्याकडचेही उद्रेक याच रोपामुळे असल्याचं मांडलं. पुढे लखनौच्या भारतीय विषविज्ञान अनुसंधान संस्थेत उंदरांना या बिया खाऊ घालून पाहिल्या, त्यांच्यातही यकृत, स्नायू आणि मेंदूवर परिणाम दिसले. गुराढोरांत हे आधीच माहीत होतं. अमेरिकेत आणि ब्राझीलमध्ये ज्या चाऱ्यात कासविंद्याच्या बिया मिसळल्या गेल्या, तो खाऊन जनावरं स्नायूंच्या दुखण्याने बसून राहिली होती.

आणि उपाय काय? औषध नव्हतं, उतारा नव्हता. लोकांना रोप ओळखायला शिकवणं आणि वस्तीजवळचं उपटणं. २०१२ मध्ये सहारनपूरहून त्याच वैद्यकीय नियतकालिकात टिपण आलं की हा आजार तिथून नाहीसा झालाय. मला हे वाचून जो आनंद झाला तो सांगता येणार नाही. मी आयुष्यभर मुलांना ग्रंथी कुठे असते ते शिकवलं आणि परीक्षेत त्याला एक गुण मिळायचा.

इथेच सगळं संपलं असं नाही. २०१६ मध्ये ओडिशाच्या मलकानगिरी जिल्ह्यात आदिवासी मुलं मोठ्या संख्येने दगावली. काही मुलांत जपानी मेंदूज्वर निघाला, पण डॉ. जेकब जॉन यांच्या पथकाने काहींमध्ये बोट पुन्हा याच प्रकारच्या रानशेंगेकडे दाखवलं. म्हणजे एकाच जिल्ह्यात, एकाच हंगामात, दोन कारणं. अशा वेळी डॉक्टरला सगळ्यांत मोठी मदत कोण करू शकतं? ज्याने मुलाच्या हातात कुठली शेंग होती ते बघितलंय तो.

आता नावांकडे वळू, कारण माझ्या मते निम्मा धोका नावांत आहे. संस्कृतात टाकळा म्हणजे चक्रमर्द. चक्र म्हणजे नायट्याचं गोल चकंदळ, त्याला चिरडणारा. दुसरं नाव दद्रुघ्न, नायटा मारणारा. चकवड हा शब्द चक्रमर्दाचाच. कासविंदा म्हणजे कासमर्द, कास म्हणजे खोकला, त्याला चिरडणारा. दोन्ही मर्द. आयुर्वेदात कासमर्दाला मान आहे, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही, वैद्य पाहून घेतील. पण घरातल्या आजीने ‘खोकल्याला कासविंदा चांगला’ एवढंच ऐकलेलं असतं. कुठला भाग, किती, कसा शोधलेला, हे मध्येच गळून जातं. शिवाय कासविंदा हे नाव एका रोपाचं नाहीच. त्याचा एक सख्खा भाऊ आहे, सेन्ना सोफेरा. त्यालाही कासविंदा म्हणतात, रानटाकळाही म्हणतात. त्याच्या पर्णिका अरुंद आणि जोड्या जास्त, सहापासून दहा-बारापर्यंत. ग्रंथी देठाच्या बुडाजवळच, पण मण्यासारखी गोल नसून उभी, निमुळती. शेंग चपटी नसते, फुगीर, गोलाईची असते. दोघांना एकच नाव आणि एकच औषधी पुडी.

त्यात आणखी एक गंमत. लिनियसने १७५३ मध्ये या रोपाला ऑक्सिडेंटालिस म्हटलं, म्हणजे पश्चिमेकडचं. आजचे वनस्पतिशास्त्रज्ञ ते मूळ अमेरिकेतलं मानतात. मग आपल्या जुन्या ग्रंथांतला कासमर्द कोणता, यावर विद्वानांनी खुशाल वाद घालावा. आपल्यापुरता धडा एवढाच, की ग्रंथातल्या नावावरून हातातलं रोप ठरवायचं नाही. हातातल्या रोपावरून रोप ठरवायचं.

मराठी नावं तर मैलामैलाला बदलतात. कोकणात टाकळा, विदर्भात तरोटा, कुठे तरवटा, आणि त्याच्या शेजारी तरवड, जो वेगळाच, पिवळ्याधमक फुलांचा झुडुपासारखा. थिओडोर कुक हे पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य होते. त्यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवर १९०१ ते १९०८ या काळात जे मोठं पुस्तक काढलं, त्यात त्यांनी शास्त्रीय नावांबरोबर देशी नावंही नोंदवली. चांगलं केलं. पण देशी नाव हे घराच्या नावासारखं असतं. गल्लीत चालतं, पोस्टाला पत्ता लागतो.

सगळे गोंधळ सारखे महाग नसतात हेही सांगते. आपण ज्याला टाकळा म्हणतो तीसुद्धा दोन रोपं आहेत, सेन्ना टोरा आणि सेन्ना ऑब्ट्युसिफोलिया. टोरात ती नारिंगी काडी खालच्या दोन जोड्यांमध्ये, म्हणजे दोन काड्या. दुसऱ्यात फक्त सगळ्यांत खालच्या जोडीत, एकच. टोराच्या शेंगेचा देठ आखूड, दुसऱ्याचा लांब. बियांवर एक फिकट पट्टा असतो, टोरात रुंद, दुसऱ्यात अगदी चिंचोळा. भारतात टोरा म्हणून जपलेल्या कित्येक नमुन्यांत दुसराच निघतो. वनस्पतिशास्त्रज्ञ यावर भांडतात, मीही भांडलेय. पण भाजी दोन्हीची होते. तो गोंधळ फुकट आहे. तिथे डोळे फोडून घेऊ नका, डोळे कासविंद्यासाठी राखून ठेवा.

महाराष्ट्रात रस्त्याच्या कडेला, गावठाणात आता तिसरंच एक पिवळ्या फुलांचं रोप माजलंय, सेन्ना युनिफ्लोरा. तेही अमेरिकेचं. गाजरगवताला हटवतं म्हणून त्याचं कौतुक झालं, आणि आता तेच सगळीकडे. लोक त्याला टाकळा समजून खुडायला जातात. ओळख सोपी आहे. रोप केसाळ, पर्णिकांच्या प्रत्येक जोडीमध्ये ग्रंथी, आणि शेंग आखूड, प्रत्येक बियेपाशी आवळलेली, गाठी मारलेल्या दोरीसारखी. टाकळ्याची वीतभर कोयती शेंग बघितलेला माणूस फसणार नाही. पण जूनमध्ये शेंग नसते, म्हणून केस बघा.

बियांच्या व्यापारातही हेच ओळखण्याचं काम चालतं. विदर्भात, मध्य प्रदेशात दिवाळीनंतर बायाबापड्या तरोट्याच्या बिया गोळा करून व्यापाऱ्याला घालतात. त्यापासून कॅसिया गम नावाचा डिंक काढतात, तो मांजरा-कुत्र्यांच्या डबाबंद खाण्यात आणि माणसांच्याही काही पदार्थांत दाटपणासाठी वापरतात. युरोपीय महासंघाच्या नियमात या डिंकाची व्याख्याच अशी आहे, की तो टाकळ्याच्या दोन जातींच्या बियांपासून काढलेला असावा आणि त्यात कासविंद्याचं प्रमाण ०.०५ टक्क्यांहून कमी असावं. म्हणजे दहा किलोत पाच ग्रॅमसुद्धा नाही. तिकडे मांजराच्या डब्यासाठी एवढी काटेकोर ओळख, आणि इकडे गोळा करणाऱ्या बाईला कोणी फरक दाखवत नाही. तिने एकदा दोन्ही बिया तळहातावर घेतल्या तर ती कुठल्याही यंत्रापेक्षा वेगाने निवडेल. तांदळातले खडे निवडणारे डोळे आहेत ते.

मघाशी वाटेत माळांच्या दुकानात थांबले होते, म्हणून गुंजेबद्दल दोन शब्द. तीही याच कुळातली. लाल बी, एका टोकाला काळा ठिपका, इकडे रत्ती म्हणतात, सोनाराच्या तराजूतली. तिच्यासारखीच पण पूर्ण लाल, ठिपका नसलेली, मधून फुगीर आणि मोठी असते ती रतनगुंज. ती झाडाची, गुंज वेलाची. गुंजेत अब्रिन नावाचं फार जहाल विष आहे. अख्खी गुंज गिळली तर बहुधा तिचं टणक कवच तिला तसंच बाहेर नेतं. पण माळेसाठी भोक पाडलेली गुंज म्हणजे कवच फुटलेली गुंज. ती माळ तान्ह्या मुलाच्या गळ्यात घालू नका, तोंडात जातेच. पानाच्या विड्यात गुंजेचा पाला गोडीसाठी घालतात, तो पाला, बी नव्हे.

प्रश्न आलेत, घेते.

कासविंद्याचा कोवळा पाला शिजवून काही ठिकाणी खातात, मग तो विषारी कसा, असं विचारलंय. खातात हे खरं. बियांत विष सगळ्यांत जास्त, भाजल्याने ते कमी होतं, भाजलेल्या बियांची कॉफीसुद्धा जगात लोकांनी प्यायली आहे. मुलांनी खाल्ल्या त्या कच्च्या बिया होत्या. पण मला विचाराल तर शेजारी एवढा चांगला टाकळा उभा असताना कासविंदा खुडायचं कारण मला दिसत नाही.

टाकळ्याची भाजी कशी करायची, हाही प्रश्न आहे, आणि मला तो आवडला. शेंडे कोवळे घ्या, फुलायच्या आधीचे. निवडताना प्रत्येक शेंड्याचं टोक बघा, गोल हवं. चिरून, पाण्यातून काढून पिळा, लसूण-मिरचीची फोडणी, कांदा, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, आणि वरून ओलं खोबरं. बनारसमध्ये आत्या खोबऱ्याऐवजी थोडं बेसन लावायची. मोहरीचं तेल मात्र ती कधी वापरायला तयार झाली नाही.

शेवटचा प्रश्न एका आईचा आहे. मुलाने ही शेंग खाल्ली असा संशय आला तर काय करायचं? घरगुती काही करत बसू नका. उलटी होण्याची, मूल सुस्तावण्याची वाट पाहू नका, लगेच दवाखान्यात न्या, शक्यतो जिथे मुलांचा अतिदक्षता विभाग आहे तिथे. आणि जाताना ते रोप उपटून सोबत न्या, पानं, शेंगा, खोडाचा तुकडा, सगळं, पिशवीत. ‘काहीतरी रानटी शेंग खाल्ली’ यावरून डॉक्टरला काही करता येत नाही. नेता आलं नाही तर मोबाईलवर तीन फोटो काढा. एक पूर्ण पानाचा, पर्णिकांची टोकं दिसतील असा. एक उघडलेल्या शेंगेचा, बिया कशा बसल्यात ते दिसेल असा. आणि तिसरा पानाचा देठ खोडाला जिथे मिळतो तिथला, अगदी जवळून.

ही दोन्ही रोपं मी इथे पायरीवर ठेवते. ज्यांना हात लावून बघायचंय त्यांनी या, भिंग एकच आहे, आळीपाळीने घ्या. शेंगा मात्र मोजून ठेवल्यात, टाकळ्याच्या सहा आणि कासविंद्याच्या चार. जाताना तेवढ्या मला परत हव्यात, कारण इथे पायऱ्यांवर मुलं खेळतात.